घसारा आणि घर्षण

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क तिने पाच हजारांवरून दहा हजार रुपयांवर नेले. मोटारसायकलीचे एक हजाराचे दोन हजार झाले. एप्रिल २०२२ पूर्वी मोटारीला याच कामासाठी सहाशे रुपये पडत असत. बातमी आतल्या पानांवर आली आणि गेली. जुनी गाडी बाळगणारे लोक एक तर हौशी तरी असतात किंवा नाइलाज झालेले तरी; त्यांची संघटना नाही, त्यांचा मोर्चा निघत नाही. त्यामुळे या निर्णयावर जी चर्चा व्हायला हवी होती ती झाली नाही. माझ्या दारात १९८९ सालची एक डिझेल जीप उभी आहे, तेव्हा या विषयात माझा हितसंबंध गुंतलेला आहे हे आधीच नोंदवून ठेवतो. बँकेत कर्जाच्या प्रस्तावावर सही करताना आम्हाला ही काळजी घ्यावी लागे. लेख लिहिताना ती सोडावी असे मला वाटत नाही.

प्रश्न दहा हजारांचा नाही. आपल्याकडे लग्नाच्या मांडवावर एका संध्याकाळी त्याहून कितीतरी जास्त उडतात. प्रश्न असा आहे, की वस्तूचे वय आणि वस्तूची अवस्था या दोन गोष्टी सरकार एकच धरते काय? ऑगस्ट २०२१ मध्ये जे वाहन-मोडीत धोरण जाहीर झाले, त्यात वयापेक्षा तंदुरुस्तीला महत्त्व द्यायचे, यांत्रिक चाचणी केंद्रे उभारायची, जी गाडी चाचणीत टिकेल तिला चालू द्यायचे, असा विचार निदान कागदावर होता. तो योग्यच होता. पण पुढची एकेक पावले पाहिली तर वयाचा काटा पुन्हा पुन्हा वर येताना दिसतो. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. त्यात धडधाकट किती आणि खिळखिळ्या किती, हे कोणी विचारले नाही. मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र आणा, नव्या खासगी गाडीच्या रस्ताकरात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत मिळेल, असे आमिष आहे. जुनी गाडी दुरुस्त करून नीट चालवणाऱ्याला मात्र कसलेच प्रमाणपत्र नाही, उलट दुप्पट शुल्क आहे.

आमच्या हिशेबशास्त्रात याला एक शब्द आहे : घसारा. मोटारीवर दरसाल पंधरा टक्के घसारा धरायचा, तोही उरलेल्या किमतीवर. या रीतीने लाख रुपयांच्या गाडीची छत्तीस वर्षांनंतरची पुस्तकी किंमत तीनशे रुपयांच्याही आत येते. पुस्तक खोटे बोलत नाही, पण ते गाडीपाशी जाऊनही बघत नाही. मी शाखेत असताना वसुलीच्या वेळी अशी गाडी बघायला जावे लागे, आणि जे पुस्तकात जवळजवळ शून्य झाले आहे त्यावर एक अख्खे कुटुंब जेवते आहे, असे दृश्य मी पुष्कळदा पाहिले आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागातल्या वाचकांना 'वडाप' हा शब्द समजावून सांगायला नको. मराठवाड्या-विदर्भात तिलाच काळी-पिवळी म्हणत. एसटी जिथे दिवसातून दोनदा यायची, तिथे आठवडी बाजाराची माणसे, त्यांच्या पाट्या, कोंबड्या आणि शाळेची मुले या सगळ्यांना घेऊन जीप घाट चढायची. त्या वाहतुकीतला बराचसा भाग नियमबाह्य होता. टपावर माणसे बसत, अपघात होत. त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. परंतु ऐंशी-नव्वदच्या दशकांत ग्रामीण शाखांतून जी वाहनकर्जे गेली, त्यांचे हप्ते या जीपगाड्यांनीच फेडले, आणि तो हप्ता वेळेवर येतो की नाही हे पुष्कळदा क्लचवर अवलंबून असे. भरलेली जीप चढावर अर्ध्या क्लचवर धरून ठेवली की प्लेट जळते. प्लेट जळली की गाडी उभी. गाडी उभी की हप्ता उभा. म्हणून त्या भागातला प्रत्येक जीपवाला रातोरात क्लच उतरवून सकाळच्या बाजाराला गाडी उभी करायला शिकलेला होता. झाडाला साखळी बांधून, कंदिलाच्या उजेडात. मी सही केलेल्या कर्जांचे खरे तारण ती गाडी नव्हती, ही त्या माणसाच्या हातातली विद्या होती. प्रस्तावाच्या छापील अर्जात मात्र तिच्यासाठी रकाना नव्हता.

ही विद्या नेमकी कसली, हे सांगितल्याशिवाय पुढचा युक्तिवाद हवेत राहील. २०२५ च्या पावसाळ्यानंतर मी आमच्या जीपचा क्लच घरच्या पडवीत उतरवला आणि पुन्हा जोडला. सोबत एसटीतून निवृत्त झालेले एक फिटर होते. त्यांची सगळी उमेदवारी दापोडीच्या कार्यशाळेत झालेली. ते बोलतात कमी, आणि पाना हातात असला तर मुळीच बोलत नाहीत.

क्लच म्हणजे इंजिन फिरत ठेवून चाकांना थांबू देणारी सोय. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक. त्याला बोल्टांनी घट्ट बसवलेली प्रेशर प्लेट. आणि या दोघांच्या मध्ये, दोन तव्यांत भाकरी चेपावी तशी, क्लच प्लेट. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असते आणि मधल्या भोकातल्या खाचांत गिअरबॉक्सचा शाफ्ट बसतो. पाय दाबला की प्रेशर प्लेट मागे सरकते, भाकरी सुटी होते, इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. पाय सोडला की पुन्हा जुळतो. जुळताना क्षणभर घसरतो, आणि त्या घसरण्यात अस्तर झिजते. ते झिजावे म्हणूनच घातलेले आहे. बाकीचे लोखंड वाचावे यासाठी एक भाग बळी द्यायचा आणि तो पुन्हा पुन्हा बदलायचा, असे गृहीत धरून हे यंत्र आखलेले आहे. कोणीतरी, कधीतरी, खाली निजून हे उघडणार आहे, हे आखणाऱ्याच्या मनात पक्के होते.

उघडणे मात्र सोपे नाही. चाकांमागे दगड, खाली भक्कम घोड्या (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये, हे मी मुद्दाम लिहितो), बॅटरीची तार सुटी. मग आतल्या फरशीवरचा पत्रा, गिअरच्या दांड्या, पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट. ते जसे होते तसेच परत बसावेत म्हणून फ्लँजवर पंचाने खुणा. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सला ट्रान्सफर केस चिकटलेली असते, आणि तिला धरणारा आडवा तुळईसारखा तुकडा काढला की इंजिनाचे मागचे टोकही निराधार होते. म्हणून आधी इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक. मग ते धूड मागे ओढून खाली घ्यायचे. दोन माणसांनी हाताने झेलायची ही वस्तू नव्हे; त्याला ट्रॉली किंवा साखळीचा कप्पाच हवा.

आत काळी भुकटी साचलेली असते. पूर्वीच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे. आपल्या गॅरेजांमध्ये ही भुकटी हवेच्या झोताने उडवण्याची पद्धत आहे, आणि ती वाईट आहे. ओल्या फडक्याने पुसायची. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर त्याला लेथवर नेऊन फेस मारून आणायचा. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर नवी प्लेट टाकून उपयोग नाही. आठवड्यात तीही तेलकट होईल. क्रँकच्या टोकाला एक बोटभर पायलट बुश असतो. किमतीने नगण्य. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक त्यात टेकते. दिसतो तेवढा ठीक आहे म्हणून लोक तो तसाच ठेवतात आणि मग सगळे पुन्हा उतरवतात. आमच्या फिटरांनी तो न बोलता काढून खिशात टाकला.

जोडण्यातच खरी कसोटी आहे. प्लेटला उलटी-सुलटी बाजू असते. स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. उलटी बसवली तर क्लच सुटणारच नाही. प्लेट दोन तव्यांमध्ये बरोबर मध्यावर असावी लागते, कारण नंतर आंधळेपणाने तिच्यातून शाफ्ट जायचा असतो. त्यासाठी जुना शाफ्ट कापून केलेला डमी शाफ्ट वापरतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्या करत, नाहीतर कव्हर वाकते. रिलीज बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचे नाही. आत भरलेले ग्रीस निघून जाते. खाचांना ग्रीस बोटाने लावायचे, इतके कमी की लावले असे वाटू नये. आणि मग गिअरबॉक्स परत वर चढवायचा. शेवटचे बोटभर अंतर उरते आणि तो अडतो. इथे माणसाचा स्वभाव कळतो. अधीर माणूस लांब बोल्ट घालून तो ओढून घेतो आणि प्लेटचा हब वाकवतो. गिअरबॉक्सचे वजन क्षणभरही त्या हबवर लोंबकळता कामा नये. गाडी गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज हाताने किंचित फिरवला की खाचा जुळतात आणि तो आपोआप आत जातो. मात्र ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिली असेल तर फ्लँज कितीही फिरवा, आतला शाफ्ट हलत नाही. हे पुस्तकात वाचून कळते, पण लक्षात राहते ते खाली निजल्यावर. शेवटी पेडलाला मोकळी चाल ठेवायची. अशा जुन्या गाड्यांत पेडलापासूनची जोडणी बहुधा तारेची किंवा दांडीची असते; नट फिरवून ती चाल जुळवता येते. अस्तर झिजेल तशी ती कमी होत जाते, म्हणून पुन्हा बघायची.

दोन दिवस लागले. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग यांचा एकत्रित खर्च नोंदणीच्या नव्या शुल्कापेक्षा कमी आला. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा वाहनांच्या सुट्या भागांवरचा कर सरसकट अठरा टक्क्यांवर आला. पूर्वी यातल्या बहुतेकांवर अठ्ठावीस टक्के होता. जुन्या गाडीवाल्याला सरकारकडून मिळालेली ही एवढीच भेट, तीही त्याला डोळ्यांपुढे ठेवून दिलेली नव्हे. तरीपण तिची नोंद करायला हवी.

आता विरुद्ध बाजू. जुन्या डिझेल गाडीचा धूर हा काही कल्पनेतला बागुलबुवा नाही. इगतपुरीच्या कारखान्यात प्युजोच्या परवान्याने बनलेली ती इंजिने टिकाऊ होती, पण ती आखली गेली तेव्हा प्रदूषणाचे आजचे कोणतेच निकष अस्तित्वात नव्हते. क्लच नवा टाकल्याने धूर कमी होत नाही. एअरबॅग नाही, चाके अडकू न देणारे ब्रेक नाहीत. शहरातल्या दम्याच्या रुग्णाने माझ्या हौशीची किंमत का मोजावी, हा प्रश्न मला कोणी विचारला तर मी तो उडवून लावणार नाही. दिल्लीत हा प्रश्न फार तीव्र झाला. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांवरून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असे ठरले आणि काही दिवसांतच ते गुंडाळावे लागले. १२ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते राखले. या उलटसुलट वळणांची थट्टा करणे सोपे आहे. मला त्यात एक चांगली गोष्ट दिसते : जन्मतारखेकडून गाडी कोणत्या निकषावर बनली याकडे विचार सरकला. अजून एक पाऊल पुढे गेला तर तो गाडी आज प्रत्यक्षात किती धूर सोडते इथे पोचेल. त्यासाठी मात्र पीयूसीचे प्रमाणपत्र गाडी न बघता मिळणे बंद व्हावे लागेल, आणि ते काम अधिसूचना काढण्यापेक्षा अवघड आहे. मला माझी जीप चाचणीत नापास झालेली चालेल. वाढदिवसाच्या कारणावरून नापास झालेली चालणार नाही.

पण यापेक्षाही गंभीर मुद्दा जुन्या गाड्यांचा नाही, नव्यांचा आहे. आजची गाडी पंधरा वर्षांनी कोण उघडू शकणार? ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. देशातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्या त्यात होत्या. आरोप असा, की अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तके आणि दोष शोधण्याची उपकरणे त्या खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या, काहींच्या बाबतीत अपिलातही मूळ निष्कर्ष टिकला पण दंडाची रक्कम खाली आली, आणि वर्षे कोर्टकचेरीत गेली. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने निवडली. त्या वर्षाअखेरीस एक संकेतस्थळ निघाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून मोटार-दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर करून घेतला. आपल्याकडे अजून कायदा नाही, संकेतस्थळ आहे.

शेतीच्या अवजारांचे नाव या यादीत आहे, हे महाराष्ट्राने विशेष ध्यानात घ्यावे. सुगीत ट्रॅक्टर बंद पडला आणि तो फक्त तालुक्याच्या अधिकृत केंद्रातच, कंपनीचा संगणक लावूनच सुरू होणार असेल, तर शेतकऱ्याचा हप्ता आता क्लचऐवजी त्या केंद्राच्या सवडीवर अवलंबून राहील. बँकवाल्यांनीही याचा विचार करावा. ज्या तारणाची दुरुस्ती कर्जदाराच्या गावात होऊ शकत नाही, त्या तारणाची जोखीम वेगळी धरायला हवी. मी नोकरीत असतो तर एवढे टिपण वरच्या कचेरीला नक्की पाठवले असते. त्याचे काय झाले असते, हे ठाऊक असूनही.

एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे नवे पर्यावरण नियम लागू झाले. उत्पादकाने विकलेल्या गाड्यांच्या मोडीची जबाबदारी उत्पादकानेच घ्यावी, हे तत्त्व त्यात आहे आणि ते स्वागतार्ह आहे. मोडीत-केंद्रात जेवढे पोलाद सुटे होईल त्या हिशेबाने प्रमाणपत्रे मिळतात. म्हणजे गाडी तोडली की किलोवर श्रेय. तीच गाडी दहा वर्षे आणखी चालावी म्हणून उत्पादकाने सुटे भाग बाजारात ठेवले, पुस्तक खुले केले, तर त्याचे श्रेय शून्य. नियम करणाऱ्यांना दुरुस्ती ही मोजण्याजोगी गोष्ट वाटत नाही. ती मोजता येते. अमुक वर्षे भाग उपलब्ध ठेवण्याची हमी, माहितीपुस्तक खुले, निदानाचे उपकरण रास्त किमतीत कोणाही गॅरेजवाल्याला. या तीन अटी नोंदणीच्या मंजुरीतच घालता येतील, आणि त्यांना सरकारला एक पैसाही लागणार नाही.

हात तयार करण्याचे काम मात्र पैशाचे आहे. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळांनी पिढ्यान् पिढ्या फिटर घडवले. त्यातले कितीतरी निवृत्तीनंतर गावोगावच्या गॅरेजांत गेले. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम अजून आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांपुढे रस्त्यावर येऊ लागलेल्या विजेच्या गाड्या आहेत, आणि विजेच्या गाडीत क्लच नावाची वस्तूच नाही. मी वर इतक्या तपशिलाने सांगितलेली सगळी विद्या तिथे निरुपयोगी आहे. याचे मला दुःख नाही. घोड्याचे नाल ठोकणाऱ्यांची विद्याही अशीच गेली. त्या मुलांना विचारायला हवे ते वेगळेच. बॅटरीची पेटी उघडून बिघडलेला एखादाच भाग बदलता येईल काय? ती पेटी उघडायची परवानगी, पाना आणि नकाशा तुम्हाला कोण देणार? आणि कंपनीने त्याला नकार दिला, तर त्या गाडीवर कर्ज घेतलेल्या माणसाने आठव्या वर्षी काय करायचे?